माशीमार पाहायचा तर फांदी सोडू नका: नागपूर परिसरासाठी एक मार्गदर्शक

डिसेंबरातली सकाळ, सेमिनरी हिल्सची पायवाट. पुढे चाललेली चार-पाच माणसं मान वर करून घार शोधत होती. त्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, घाणेरीच्या झुडपात, चिमणीपेक्षा लहान एक तपकिरी पक्षी शेपटी टपकन वर उचलत होता आणि 'ट्र्र्र्ट' असा कोरडा आवाज काढत होता. पूर्व युरोप आणि त्याला लागून असलेल्या आशियाच्या जंगलांतून तो हिवाळा काढायला इथे आला होता. माणसं निघून गेली. पक्षी तिथेच होता आणि पुढची वीस मिनिटं मीही तिथेच होतो.

माशीमार, म्हणजे फ्लायकॅचर, याच कारणाने लोकांना दिसत नाहीत. आपण चालत राहतो आणि ते एका जागी बसून असतात. ते कसे शोधावेत, कसे ओळखावेत आणि त्यांना त्रास न देता कसं पाहावं, हे नागपूरकरांसाठी इथे सविस्तर लिहितो आहे. यासाठी ताडोब्याला जायची गरज नाही. घराजवळ जुनी झाडं आणि एखादा नाला असेल तर तिथूनच सुरुवात होते.

आधी नावाचा गुंता सोडवून घ्या

'फ्लायकॅचर' म्हणजे एकच कुटुंब नव्हे. हवेतले किडे झेप घालून पकडायची सवय असलेल्या अनेक वेगवेगळ्या पक्ष्यांना हे नाव चिकटलं आहे. खरे माशीमार मस्किकॅपिडी या कुळातले. या कुळात 300 हून अधिक जाती आहेत, आणि आपल्या अंगणातला दयाळ, कौलावर शेपटी उभारणारा चिरक, तारेवरचा गप्पीदास आणि हिवाळ्यात येणारा थिरथिराही याच कुळातले आहेत. म्हणजे माशीमारांची भावकी तुम्ही लहानपणापासून ओळखता.

स्वर्गीय नर्तकाच्या इंग्रजी नावात (इंडियन पॅराडाइज फ्लायकॅचर) 'फ्लायकॅचर' असलं तरी तो मोनार्क कुळातला. शेपटीचा पंखा करणारे नाचण तिसऱ्या कुळातले, आणि राखी डोक्याचा पिवळा कॅनरी-फ्लायकॅचर चौथ्या. हे सगळं पाठ करायची गरज नाही, पण पुस्तकात शोधताना पानं का सापडत नाहीत ते यातून कळतं. इंटरनेटवर नुसतं 'फ्लायकॅचर' टाकलंत तर अमेरिकेतले पक्षी समोर येतात. ते टायरंट फ्लायकॅचर, त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही. शोधताना 'इंडिया' किंवा 'महाराष्ट्र' हा शब्द जोडा.

आपल्याकडच्या माशीमार म्हणवणाऱ्या सगळ्यांची जगण्याची रीत मात्र बरीचशी सारखी आहे. चोच मुळाशी रुंद आणि चपटी. तिच्या कडेला मिशांसारखे राठ केस. पाय बारीक, कारण चालायचं काम फार कमी. मोक्याच्या फांदीवर बसायचं, किडा दिसला की झेप घ्यायची आणि बहुतेक वेळा त्याच किंवा शेजारच्या फांदीवर परत यायचं. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही परत यायची सवय लाखमोलाची आहे.

केव्हा जायचं

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पाहुणे उतरायला लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. 5 ते 12 नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 तारखेला सालिम अलींचा. सुरुवात करायला याहून चांगला आठवडा नाही, कारण तोवर हिवाळी माशीमार आपापल्या जागा धरून बसलेले असतात. एकदा जागा धरली की तोच पक्षी कित्येक आठवडे त्याच दहा-पंधरा झाडांत सापडतो.

डिसेंबरात नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. पण माशीमारांसाठी झुंजूमुंजू होताच पोहोचायची घाई नको. किडे गारठलेले असतात, ते उडत नाहीत तोवर शिकारही सुस्त असते. ऊन झाडांच्या शेंड्यावरून खाली सरकायला लागलं की खेळ सुरू होतो. माझा अनुभव असा की सव्वासात ते साडेनऊ हा वेळ सर्वात चांगला. ऊन-सावलीची जी सीमारेषा असते तिच्यावर नजर ठेवा. तिथे किडे चमकतात आणि पक्षी सावलीत बसून उन्हातला किडा टिपतात. दुपारी चार ते साडेपाच हा दुसरा वेळ. टिकेलचा निळा माशीमार तर पार अंधारून येईपर्यंत शिकार करताना दिसतो.

उन्हाळ्यातलं गणित वेगळं आहे. मे महिन्यात आठ वाजेपर्यंत घरी परतायच्या बेतानेच निघा. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत तर सावलीतल्या पाण्याजवळ बसून राहणं हाच एक मार्ग.

कुठे उभं राहायचं

शहरात मी चार ठिकाणं सांगेन. महाराजबागेत जुनी, उंच झाडं आहेत आणि सीताबर्डीच्या गर्दीतून पाच मिनिटांत पोहोचता येतं. नवख्यांनी इथून सुरुवात करावी. सेमिनरी हिल्सच्या उतारावर झुडपं आणि पाचोळा आहे, लाल छातीच्या माशीमाराला हवं ते सगळं. अंबाझरीचं जैवविविधता उद्यान बहुतांशी उघडं माळरान आहे. तिथे गप्पीदास आणि चिरक भरपूर, पण माशीमार पाहायचे तर तलावाच्या बाजूची झाडी गाठा. गोरेवाड्याचं पानझडी जंगल या चारांत सर्वात समृद्ध.

शहराबाहेर पेंच व्याघ्र प्रकल्प. त्याचं सिल्लारी प्रवेशद्वार नागपूरपासून सुमारे 70 किलोमीटर. पण जिप्सी सफारीत माशीमार दिसतील ही आशा धरू नका. गाडीतून उतरता येत नाही, गाडी वाघाच्या मागावर असते आणि स्वर्गीय नर्तक दिसला म्हणून थांबायला सांगितलं की बाकीचे प्रवासी अस्वस्थ होतात. मला हे फार लागलं होतं. एकदा पांढराशुभ्र नर रस्त्यालगतच्या नाल्यावर बसला होता आणि गाडी न थांबता पुढे गेली. तेव्हापासून मी सफारीपेक्षा सिल्लारीच्या निवास परिसरात आणि प्रवेशद्वाराबाहेरच्या झाडीत पायी घालवलेल्या सकाळींवर जास्त भरवसा ठेवतो. उमरेड-कऱ्हांडला, बोर आणि नवेगाव-नागझिराही याच पट्ट्यातली जंगलं.

ठिकाणापेक्षा जागा महत्त्वाची. नाला, त्यावर वाकलेल्या फांद्या, खाली ओलसर पाचोळा, जवळ बांबूची रांजी (बेट) किंवा दाट जांभूळ, वर थोडी मोकळी हवा. अशी जागा सापडली की तिथेच थांबा.

पाहण्याची रीत

दुर्बीण 8×42 घ्या: आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. दहा पटीची दुर्बीण तळ्यावरच्या बदकांना चांगली, पण झाडीत हलणारा बारा सेंटिमीटरचा पक्षी तिच्यात पकडता पकडता निसटतो. विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा: दोन-अडीच मीटरवरची वस्तू तिच्यात स्पष्ट दिसते का? नाचण कधी कधी इतका जवळ येतो. दुर्बीण नसेल तरी अडू नका. पहिले दोन महिने नुसत्या डोळ्यांनी हालचाल ओळखायला शिकलात तर पुढे फायदाच होतो.

जागेवर पोहोचलात की पहिली पाच मिनिटं काहीही शोधू नका. झाडाला पाठ टेकून उभे राहा आणि नजर एका ठिकाणी न रोखता सैल सोडा. पान पडतं तेव्हा ते खाली जातं. माशीमार उडतो तेव्हा तो बाहेर जातो आणि मागे येतो. ही मागे येणारी हालचाल एकदा डोळ्यांत बसली की पक्षी दिसू लागतात.

हालचाल दिसली की पक्ष्याच्या मागे दुर्बीण फिरवू नका. तो जिथून उडाला ती फांदी धरून ठेवा. नव्याने येणारे जवळजवळ सगळे इथेच चुकतात. पक्षी हवेत असताना त्याच्यामागे भिंग फिरवलं की पक्षीही जातो आणि फांदीही. फांदीवर नेम धरून उभे राहिलात तर तीन-चार सेकंदांत तो स्वतः तुमच्या चौकटीत येऊन बसतो, बहुधा चोचीत किडा घेऊन. न आल्यास शेजारची, त्याच उंचीची मोकळी फांदी पाहा.

हिवाळ्यात आणखी एक युक्ती. वेगवेगळ्या जातींचे लहान पक्षी एकत्र शिकार करत जंगलातून सरकतात. रामगंगा (टिट), चष्मेवाला, निखार (मिनिव्हेट), सुभग (आयोरा), शिलींध्री (नटहॅच) आणि मागे कोतवाल. अशा मिश्र थव्यात माशीमार असतातच, कारण बाकीचे पानं हलवतात आणि उडालेले किडे यांना मिळतात. थव्याच्या मागे धावू नका. तो कुठल्या दिशेने सरकतो ते पाहून वीस-तीस पावलं पुढे जाऊन उभे राहा आणि त्याला तुमच्यावरून जाऊ द्या.

कोण कोण भेटतं

रंगापासून सुरुवात करू नका, कारण सावलीत निळा काळा दिसतो आणि माद्या बऱ्याचदा मातकट असतात. आधी शेपटी काय करते ते पाहा, मग बसण्याची उंची, मग चेहरा आणि शेवटी रंग.

नाचण सर्वात सोपा. हा क्षणभर स्थिर बसत नाही. शेपटी पंख्यासारखी उघडतो, डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, जणू फांदीवर नाच चालला आहे. शेपटीच्या फडफडीने दडलेले किडे उडतात आणि तो ते टिपतो. आपल्याकडे दोन प्रकारचे नाचण. एकाच्या पांढऱ्या भुवया इतक्या रुंद की कपाळावर जवळजवळ जुळतात आणि पोट पांढरं. दुसऱ्याची भुवई बारीक आणि छातीवरच्या गडद पट्ट्यात पांढरे ठिपके. पहिल्याचं गाणं चढत जाऊन उतरणारी गोड शीळ आहे. एकदा ऐकलं की कॉलनीतल्या कडुलिंबातूनही ओळखू येतं.

लाल छातीचा माशीमार हा हिवाळ्यातला सर्वात जास्त भेटणारा पाहुणा, पण नावाने फसवणारा. बहुतेक पक्ष्यांच्या छातीवर लाल काहीच नसतं, कारण नारिंगी गळा फक्त प्रौढ नराचा. मादी आणि पिल्लं फिकट तपकिरी. ओळखायचं ते शेपटीवरून: शेपटी वर उचलली की मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे चमकतात. तपकिरी अंग, पांढरे चट्टे आणि कोरडा 'ट्र्र्र्ट' एवढं जमलं की नाव पक्कं, असं वाटतं. इथे मात्र एक जुळा भाऊ आडवा येतो.

तो टैगा माशीमार. पूर्वी या दोघांना एकच जात मानत. फरक बारीक आहेत, पण जवळून दिसतात. टैगाची चोच पूर्ण काळी. लाल छातीच्याची खालची चोच मुळाशी फिकट. टैगाच्या शेपटीच्या वरची पिसं शेपटीपेक्षाही गडद, काळीकुट्ट. आवाजातही फरक आहे: लाल छातीच्याच्या 'ट्र्र्र्ट'मधले ठोके सुटे ऐकू येतात, टैगाचा इतका जलद असतो की नुसती भुणभुण वाटते. प्रौढ टैगा नराचा नारिंगी रंग हिवाळ्यात जातो आणि परतीच्या दिवसांत पुन्हा येतो. तेव्हा तो रंग राखाडी पट्ट्याने वेढलेला दिसतो. चोच नीट दिसली नसेल तर वहीत 'लाल छातीचा किंवा टैगा' असंच लिहा. अंदाजाने एक नाव टाकण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं.

टिकेलचा निळा माशीमार आपला कायमचा रहिवासी. सॅम्युअल टिकेल या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं नाव त्याला मिळालं. नर वरून निळा, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरं, आणि नारिंगी-पांढऱ्याची सीमा चांगलीच स्पष्ट. हा सावलीतला पक्षी आहे. बांबूत किंवा नाल्याच्या काठावर, डोक्याएवढ्या उंचीवर ताठ बसतो. त्याचं गाणं धातूच्या नाजूक तारेसारखं, सहा ते दहा सुरांचं, आधी उतरून मग चढणारं. मी हा पक्षी डोळ्यांनी शोधतच नाही. नाल्यापाशी थांबतो, गाणं येतं, मग त्या दिशेचा अंधारा कोपरा पाहतो.

नीलांग, म्हणजे व्हर्डिटर फ्लायकॅचर, याचा रंग काटोल-नरखेडच्या संत्रा उत्पादकांना मी एका शब्दात सांगतो: बोर्डो. मोरचूद आणि चुना कालवून खोडाला लावतो ती पेस्ट जशी निळसर हिरवी दिसते, तसा हा सगळा पक्षी. डोळा आणि चोच यांच्यामध्ये मात्र काळा डाग. हा हिमालयातून येतो आणि टिकेलच्या उलट वागतो: झाडाच्या शेंड्यावर, उघड्या फांदीवर, सगळ्यांना दिसेल असा बसतो. निळा पक्षी शेंड्यावर असेल तर आधी नीलांग आठवा, सावलीत खाली असेल तर टिकेल.

तपकिरी माशीमार दिसायला साधा. डोळ्याभोवती पांढरं कडं, त्यामुळे डोळा मोठा आणि भोळा वाटतो. शेपटीत पांढरं काही नाही. त्याच फांदीवर परत येण्याबाबत याच्याइतका इमानी दुसरा नाही, म्हणून सरावासाठी उत्तम. राखी डोक्याचा पिवळा माशीमार मिश्र थव्यात सापडतो, राखाडी डोकं आणि पिवळं पोट, चुकायला जागाच नाही. काळ्या मानेचा मोनार्क दाट जंगलातला: नर आकाशी निळा, मानेमागे काळा ठिपका आणि गळ्याखाली काळी बारीक रेघ. पश्चिम हिमालयातून येणारा अल्ट्रामरीन माशीमार क्वचित भेटतो. गडद निळ्या नराच्या गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध पांढरा पट्टा असतो.

स्वर्गीय नर्तक

याला वेगळी जागा द्यायलाच हवी. शेजारच्या मध्य प्रदेशाचा हा राज्यपक्षी, तिथे त्याला दूधराज म्हणतात. काळं तुरेदार डोकं आणि नराच्या शेपटीत दोन लांब फिती. अंग जेमतेम बुलबुलाएवढं आणि फिती त्याहूनही लांब. नर दोन रंगांत दिसतात, पांढरे आणि तांबूस. मादी आणि लहान नर तांबूस, आखूड शेपटीचे. लांब फिती यायला नराला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे आखूड शेपटीचा पक्षी दिसला की तो मादीच, असं लगेच ठरवू नका.

याला पाहायची उत्तम जागा म्हणजे सावलीतलं पाणी. दुपार कलली की तो फांदीवरून पाण्यात सूर मारतो, परत फांदीवर येतो, पिसं झटकतो, पुन्हा सूर मारतो. पाण्यापासून पंधरा-वीस मीटरवर, झाडाआड, मळकट कपड्यांत बसून राहा. गोरेवाड्याजवळ एका डबक्यावर मी दीड तास बसलो होतो. शेवटच्या दहा मिनिटांत पांढरा नर आला आणि पाच वेळा पाण्यात उतरला.

मे ते जुलै त्याचा विणीचा काळ. फांदीच्या टोकाला काड्या आणि कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं वाटीसारखं घरटं, त्यात तीन-चार अंडी, आणि नर-मादी दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात. नराच्या फिती घरट्याबाहेर लोंबत राहतात. काही जोड्या कोतवालाच्या घरट्याजवळच घर बांधतात, कारण कोतवाल कावळ्या-शिक्र्यांना हुसकावून लावतो.

घरटं दिसलं तर काय करायचं? निघून जायचं. फोटो काढायला फांद्या बाजूला केल्या की सावली जाते, आणि आपल्याकडच्या 44-45 अंशांच्या उन्हात पिल्लं तेवढ्यानेही मरतात. माणसाची ये-जा पाहून कावळ्याला जागा कळते ते वेगळंच. अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका, अगदी जवळच्या मित्रांच्या ग्रुपवरही नाही. मी एकदा टाकली होती. तिसऱ्या दिवशी तिथे आठ कॅमेरे होते आणि आठवड्याभरात घरटं रिकामं. त्यानंतर आजवर एकाही घरट्याची जागा मी कुणाला सांगितलेली नाही.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही तितकंच वाईट. नराला वाटतं, दुसरा नर हद्दीत घुसला. तो शिकार सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो. मर्लिनसारखं ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून तो ओळखायला जरूर वापरा, पण आवाज घरी वाजवा, हेडफोन लावून.

घराजवळ त्यांना जागा द्यायची असेल तर

माशीमार दाणे खात नाहीत, म्हणून गच्चीवर तांदूळ टाकून उपयोग नाही. त्यांना किडे आणि पाणी हवं. झाडांखालचा पाचोळा जाळू नका. एका कोपऱ्यात पसरून ठेवा, त्यातले किडे लाल छातीच्या माशीमाराच्या कामी येतात. बागेत कीटकनाशक फवारू नका. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दोन बोटांहून खोल नको, मध्ये एक खरबरीत दगड ठेवा. परळ उन्हात नव्हे, झुडपाच्या सावलीत, आणि वर एक झुकलेली फांदी हवी, कारण तिथे बसून अंदाज घेतल्याशिवाय तो उतरत नाही. मांजर दबा धरून बसेल इतकं झुडूप अगदी जवळ नको. पाणी रोज बदला आणि परळ घासून काढा, नाहीतर डासांची पैदास होते.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, झाड, बसण्याची उंची, शेपटीची हालचाल, आवाज. नाव सर्वात शेवटी. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, ती अभ्यासकांना उपयोगी पडते. जागा संवेदनशील असेल तर नेमका ठिकाणा न देता मोठ्या परिसराचं नाव द्या.

पहिल्या वर्षी दोन तारखांकडे खास लक्ष ठेवा: लाल छातीचा माशीमार तुमच्या भागात पहिल्यांदा ऐकू आला तो दिवस आणि शेवटचा दिसला तो दिवस. पहिली सोपी असते. दुसरी पकडायला मार्चअखेरपासून रोज त्याच झुडपापाशी जावं लागतं, कारण शेवटचा दिवस त्या दिवशी कळत नाही. माझ्या वहीत एप्रिलच्या पानांवर सलग 'आहे, आहे, आहे' असं लिहिलेलं आहे, आणि मग एका सकाळी 'आवाज नाही'. त्या सकाळनंतरही आठवडाभर जात राहा. एखादा उशिरा निघालेला, उत्तरेकडे जाताना वाटेत एक दिवस थांबलेला पक्षी त्याच झुडपात मिळू शकतो.